तळाच्या प्लगजवळचा ओलावा

४ फेब्रुवारी

आदरणीय मामा,

नमस्कार. मामीलाही सांगा. अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून तुम्ही पाकीट उलटंसुलटं कराल, न उघडताच रेडिओखाली सरकवाल आणि मामी बाहेर गेली की हळूच फोडाल, एवढं मी तुम्हाला अजून ओळखते. फोन केला असता, पण तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही असं मामी म्हणते. असेलही. शिवाय फोनवर मला जे बोलायचं असतं ते सोडून बाकी सगळं बोलता येतं.

इकडे ठीक आहे. वर्कशॉपवर आता पत्र्याऐवजी पक्कं छत आहे. एक खड्डा, एक लिफ्ट आणि हाताखाली दोन फिटर. ते माझ्यापुढे मान डोलावतात आणि माझी पाठ वळली की स्वतःचंच खरं करतात. म्हणजे आपल्याकडे होतं तसंच. मला चाळिशी लागली, चष्म्याची आणि वयाची एकदमच.

आता कामाचं लिहिते. मागच्या आठवड्यात माझ्या दारात टोइंगच्या गाडीवरून एक गाडी उतरवत होते. दोन सीटांची, उघड्या टपाची, लांब नाकाची, बाटलीच्या काचेसारखी हिरवी. मी हातातला कप खाली ठेवला. तुमच्या लक्षात आलं असेल कुठली. आपल्याकडे यायची तीच. ती चालवणारे साहेब, पुलांचे इंजिनिअर, दोन वर्षांपूर्वी गेले. आता ती त्यांच्या मुलीकडे आहे. या मुलीला तुम्ही शाळेच्या कपड्यांत बघितलं असेल, आता ती डोळ्यांची डॉक्टर आहे. समोरच्याकडे असं रोखून बघते की बुबुळाच्या मागे काही लपवलेलं असलं तर तेही तिला दिसावं.

तक्रार एकच. गिअरबॉक्समधून तेल गळतंय. दोन-चार तास उभी केली की खाली बशीएवढा डाग. इंजिनचं तेल नाही, बोटाला लावून वास घेतला, तोच गंधकासारखा उग्र वास. पण येतंय कुठून ते कळत नाही. पुढचं सील, मागचं सील, स्पीडोमीटरच्या केबलचं तोंड, वरच्या झाकणाचं गॅस्केट, तेल सोडायचा तळाचा प्लग, सगळंच ओलं. गाडी पळते तेव्हा वारा ते तेल मागे फासत नेतो, त्यामुळे चोर एक आणि काळं फासलेली तोंडं पाच, अशी गत झाली आहे.

तुमचा हात त्या गाडीवर फिरलेला आहे म्हणून विचारते. हा गिअरबॉक्स शेवटचा कोणी उघडला होता? मला नीटसं आठवत नाही. मी तेव्हा नवी होते, कोपऱ्यात बसून पार्ट धुवायचे. जिराफ तेव्हा आपल्याकडेच होता, नाही का? त्याच्या उंचीमुळे आपण सगळे त्याला जिराफ म्हणायचो, इतकं की त्याचं खरं नाव हजेरीच्या वहीतच राहिलं. तो गेला त्याच सुमाराची ही गोष्ट असावी.

आणखी एक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की त्या आधी तुमच्याकडे आल्या होत्या. तुम्ही गाडी बघायला बाहेरसुद्धा आला नाहीत. आतूनच सांगितलंत, "त्या गाडीला मी हात लावणार नाही." वयामुळे असेल. पण मामी तर सांगत होती की गल्लीतल्या सगळ्यांची यंत्रं अजून तुम्हीच खोलता, पंखे, मिक्सर, शिवणयंत्रं. मग ही गाडी का नको, एवढं मनात आलं, म्हणून लिहिलं.

उत्तर द्या. काम त्यावाचून अडलेलं नाही, तरीही द्या.

तुमची भाची

१३ फेब्रुवारी

आदरणीय मामा,

नमस्कार. तुमचं कार्ड मिळालं. अकरा वर्षांतलं पहिलं, आणि तेही एका ओळीचं. "मागचं सील बदल. केसिंगच्या नादी लागू नकोस." खाली सही नाही, आशीर्वाद नाही.

कामाच्या पत्राची मी नक्कल ठेवते, ही सवय तुमचीच. ती नक्कल काढून मी दोनदा वाचली. त्यात मी सीलं लिहिली, झाकण लिहिलं, प्लग लिहिला. केसिंग हा शब्द कुठेच नाही. गिअरबॉक्सचं ते अॅल्युमिनियमचं कवच एका ओतीचं असतं, त्याला सांधा नसतो. ते गळेल असं कुणाच्या मनात तरी कशाला येईल? मग मला ज्याची शंकाही नव्हती त्याच्या नादी लागू नको, हे तुम्ही कुठून काढलंत? चोराच्या मनात चांदणं म्हणतात. रागावू नका, म्हण आहे म्हणून लिहिली.

तरी तुमचं ऐकलं. मागचं सील बदललं. शाफ्टला खरवड नव्हती, जुनं सीलही मऊच होतं. मला ते काढतानाच कळलं होतं की हे गुन्हेगार नव्हे. गाडी अर्धा तास फिरवून आणली, उभी केली, पुन्हा बशी. मग तळाच्या प्लगचा तांब्याचा वॉशर बदलला. पुन्हा बशी.

मग तुम्हीच शिकवलेला उपाय केला. सगळं केसिंग पेट्रोलनं धुतलं, कोरडं केलं आणि वरून लहान मुलांची पावडर फुंकली. माझा एक फिटर म्हणाला, "ताई, न्हाऊ घालून पावडर लावलीत, आता अंगडं शिवायला टाकू का?" सगळे हसले, मीही हसले. गाडी चालवून आणली, लिफ्टवर चढवली, हातात दिवा घेऊन खाली गेले आणि माझं हसू गेलं.

पावडरीत एकच ओली रेघ होती. ती प्लगच्या आट्यांतून निघत नव्हती. प्लगच्या दोन बोटं वरून निघत होती, सपाट धातूतून, आणि तिथून खाली प्लगवर येऊन थेंब धरत होती. वरवर बघणारा शपथेवर सांगेल की प्लगच गळतोय. आणि मामा, बाकी सगळं केसिंग उघडं, काळवंडलेलं आहे. तेवढ्या तळहाताएवढ्या जागेवर मात्र चंदेरी रंग आहे. जाड, दोन हातांचा. मधे फुगून सुटलेला.

गिअरबॉक्सच्या तळाला रंग कोण देतं? कुणाला दाखवायला?

तुम्हाला वाटेल मी उलटतपासणी घेते आहे. घेतेच आहे. वीस वर्षांपूर्वी ही गाडी आपल्याकडून जाऊन तीन आठवडे होतात न होतात तोच उतारावर गिअरबॉक्स जाम झाला. मागची चाकं जागच्या जागी धरली, गाडी गरकन फिरून कुंपणाच्या भिंतीवर गेली. साहेबांचा गुडघा गेला तो गेलाच, शेवटपर्यंत काठी सुटली नाही. आत तेलाचा थेंब नव्हता. तळाचा प्लग सैल राहिला असं ठरलं. प्लग जिराफनं लावला होता हेही ठरलं. तुम्ही त्याला त्याच दिवशी काढलंत. मागच्या पत्रात मी "गेला" असं लिहिलं होतं, ते बरोबर नव्हतं.

मग तो गिअरबॉक्स तुम्ही एकट्यानं बांधलात. आठवतं? तीन दिवस शटर खाली. सगळ्या फिटरांना सुट्टी. मला मामीबरोबर तिच्या बहिणीकडे धाडलंत. तिथे काम काय, तर गाद्यांना ऊन दाखवायचं. एरवी गिअरबॉक्स उघडला की मला हाताला धरून शेजारी बसवायचात, "बघ, शीक" म्हणायचात. त्या वेळी बघायला का नको होतं?

आणि अकरा वर्षांपूर्वी मी भागीदारी मागितली तेव्हा सगळ्यांदेखत तुम्ही म्हणालात, "तुझ्या हातावर माझा भरवसा नाही." मी तुमच्याकडे नऊ वर्षं काम केलं होतं. एक बोल्ट वाकडा गेला नव्हता. मग कशावरून? तेव्हापासून ते वाक्य मी रोज उलटंपालटं करून बघते. तुम्ही ते रागाच्या भरात बोललात, की तुम्हाला काही माहीत होतं?

तुम्हाला काय माहीत होतं, मामा? एवढंच विचारते आहे. डॉक्टरीणबाईंची परवानगी घेतली आहे. सोमवारी मी केसिंग खोलणार.

भाची

२१ फेब्रुवारी

मामा,

खोललं.

सीटं काढली, मधला पत्र्याचा बोगदा काढला, गिअरबॉक्स उतरवून बाकावर घेतला. फिटरांना टायर आणायला पाठवून दिलं. ते गेल्यावर जाणवलं की मीही शटर अर्धं खाली ओढलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप गेला. तेव्हा तुमची आठवण आली, आणि ती चांगली नव्हती.

रंग खरवडला. खाली वेल्डिंग आहे. प्लगच्या भोकापासून वर चार बोटं, बाहेरूनही आणि आतूनही. माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक बसलेली, सगळी उजवीकडून डावीकडे झुकलेली. आपल्या गावात तशी झुकलेली वेल्डिंग एकाच डावखुऱ्या माणसाची होती, तुमची. अॅल्युमिनियमवर तितका स्वच्छ हात मी अजून दुसरा पाहिला नाही. पण जुन्या ओतीत तेल मुरलेलं असतं, ते वेल्डिंगला सुईच्या टोकाएवढी भोकं पाडतं. रंग होता तोवर ती बुजलेली राहिली. रंग सुटला आणि तेल पाझरायला लागलं.

आणि त्या वेल्डिंगच्या वरच्या टोकाला, आतल्या कोपऱ्यात, तुमच्या छिन्नीतून सुटलेला करड्या पुट्टीचा एक तुकडा होता. नखाएवढा.

ती पुट्टी माझी.

हे वाक्य लिहून मी पेन ठेवलं आणि हात धुऊन आले. हात स्वच्छच होते.

तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी माझ्या तोंडून नाही, म्हणून लिहिते. साहेबांची गाडी बेअरिंगच्या आवाजासाठी आली होती. तुम्ही गिअरबॉक्स खोललात आणि केसिंग मला धुवायला दिलंत. दुपारी सगळे जेवायला बसले होते. सकाळीच कुणीतरी म्हणालं होतं, "हे पोरीला उचलायला सांगू नका, दोन माणसं लागतील, एक केसिंग धरायला आणि एक पोरगी." सगळे हसले होते, तुम्हीही. म्हणून मी ते एकटीनं उचललं. ते रॉकेलनं ओलं होतं. बाकाशी पोचता पोचता हातातून सुटलं आणि नेमकं प्लगच्या कोपऱ्यावर फरशीवर पडलं. आवाज मोठा झाला नाही. कप फुटल्यासारखा झाला. तडा केसाएवढा होता, दिव्यासमोर धरला तरच दिसणारा.

तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्ही ओरडला असतात, फार तर एक दिवस. पण आई गेल्यावर तुम्ही मला घरात आणि मग कामावर घेतलं होतं. सगळ्यांनी तुम्हाला वेड्यात काढलं होतं. मला वाटलं, आता सगळे म्हणतील, सांगितलं नव्हतं का. मी आतून पुट्टी भरली, बाहेरून रंग दिला. पाच दिवसांनी तुम्ही ते जोडलंत आणि मी शेजारी उभी राहून तुमच्या हातात एकेक बोल्ट देत होते.

वीस वर्षं मी समजत होते की हे जगात मला एकटीलाच माहीत आहे. अकरा वर्षं संशय होता की तुम्हालाही असावं. डॉक्टरीणबाई गाडी घेऊन आल्या तेव्हा पहिला विचार हाच आला की तुम्हीच त्यांना मुद्दाम पाठवलं असेल, मी काय करते ते बघायला. पहिलं पत्र मी तेल कुठून गळतं ते विचारायला लिहिलंच नव्हतं. तुमच्या उत्तरात काय गळतं ते बघायला लिहिलं होतं.

आता संशय नाही, म्हणून जास्त राग येतो. जिराफला काढलंत त्या दिवशी तुम्हाला माहीत नव्हतं, हे मी मानते. गाडीचा तळ तेलानं माखलेला होता, दिसायला प्लगच दिसत होता. पण शटर खाली ओढून तुम्ही केसिंग धुतलंत तेव्हा तुम्हाला पुट्टी दिसली, तडा दिसला. तीन दिवसांत वेल्डिंग झालं. चौथ्या दिवशी त्याला परत बोलावता आलं असतं. तो दोन गल्ल्या सोडून राहत होता. तुम्ही गेला नाहीत. तडा झाकलात, वर माझ्यासारखाच रंग दिलात.

माझ्यासाठी केलंत? की साहेबांसमोर दुकानाचं नाव जाऊ नये म्हणून? "फिटरची चूक" म्हटलं की फिटर काढून टाकता येतो. "भाचीची चूक, आणि मी न तपासता जोडलं" म्हटलं असतं तर काय काढून टाकणार होतात? दोन्हींतलं काय खरं ते मला कळत नाही आणि तुम्ही सांगाल त्यावर विश्वास बसेल असंही वाटत नाही.

डॉक्टरीणबाईंना आजच बोलावून सगळं दाखवलं. पुट्टीचा तुकडासुद्धा. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि तडा बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, "माझे बाबा मरेपर्यंत त्या उंच माणसाला शिव्या देत होते. मीही देत होते." दाराशी गेल्यावर त्या वळल्या. "गाडी पुरी करा. तुमच्याशी बोलायचं की नाही ते मी नंतर ठरवीन."

भाची

२ मार्च

मामा,

परवा मामीचा फोन आला होता. तुम्ही पत्र वाचलंत आणि तिच्याकडे निरोप दिलात, "तिला म्हणावं, जुनं उकरू नको. तो कुठेतरी मजेत असेल." मामीनं विचारलं, "कोण मजेत असेल गं? हे मला काही सांगत नाहीत." मी तिला म्हटलं, मामालाच विचार.

तो मजेत आहे का ते बघायला मी गेले.

पत्ता मिळायला वेळ लागला नाही. शोधायचंच नव्हतं म्हणून वीस वर्षं मिळाला नव्हता. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका शाळेत तो शिपाई आहे, शाळेच्याच आवारात दोन खोल्या आहेत. भंगारवाल्याकडे त्याच गाडीचं दुसरं केसिंग मिळालं होतं, म्हणून जुनं डॉक्टरीणबाईंकडून मागून घेतलं होतं. ते पोत्यात घालून नेलं.

दार त्याच्या बायकोनं, वहिनींनी उघडलं. मी नाव सांगितलं, तुमचंही सांगितलं. त्यांनी दार तेवढंच उघडं ठेवलं, एक खांदा मावेल इतकं. "आता काय हवंय?" म्हणाल्या. मागून तो आला, मान वाकवून. अजून तेवढाच उंच आहे, केस सगळे पांढरे. मला बघून म्हणाला, "अगं, तू? ये, ये," आणि मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी केसिंग टेबलावर ठेवलं आणि सांगितलं. मध्ये थांबले नाही. थांबले असते तर रडले असते आणि मग त्यांनाच मला पाणी द्यावं लागलं असतं.

तो खुर्ची ओढून बसला. चष्मा लावला. अंगठा प्लगच्या भोकात घातला, तिथून वेल्डिंगवरून वर नेला, पुन्हा खाली आणला. असं तीन-चारदा. मग म्हणाला, "म्हणजे मी आवळला होता."

"हो, दादा."

"मी आवळला होता," त्यानं वहिनींना सांगितलं.

वहिनी हसल्या, पण ते हसू नव्हतं. "वीस वर्षं हा माणूस कुलूप लावतो आणि कोपऱ्यावरून परत येतो," त्या मला म्हणाल्या. "तीनदा ओढून बघतो. गॅस मी बंद केला तरी हा उठून बघतो. लेकीची सायकल कधी स्वतः दुरुस्त केली नाही, माझ्या हातून काही राहील म्हणायचा. अख्ख्या शाळेची दारं लावतो आणि शिक्षकांना विचारतो, जरा बघता का, लागलंय ना. आणि तू आज येतेस? आजच का? त्या डॉक्टरीणबाई कोर्टात जाणार आहेत का? कशावर सही हवीय याची?"

"नाही, वहिनी."

"मग वीस वर्षांनी उगाच कोणी येत नाही."

त्यांचं चुकलं नाही. मी त्यांच्या जागी असते तर दारच उघडलं नसतं. आणि खरं सांगते, मामा, त्यांनी विचारायच्या आधीपासून मलाही माझा संशय येत होता. मी त्याच्यासाठी आले होते, की तुमच्या त्या एका वाक्याचा सूड घ्यायला?

मग मी त्याला दुसरी गोष्ट सांगितली. मागच्या पत्रात मी ती तुम्हाला लिहिली नाही. सगळं लिहिलं आणि हे ठेवलं.

त्या दिवशी साहेबांचा माणूस दारात उभा असताना तुम्ही जिराफला विचारलंत, "प्लग आवळला होतास?" तो म्हणाला, "हो." मग जरा थांबून म्हणाला, "बहुतेक." प्रामाणिक माणूस, दिवसात चाळीस प्लग आवळणारा, एकेक कसा आठवणार? तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळलात. "तू तिथेच होतीस. तू पाहिलंस का?"

मी पाहिलं होतं. त्यानं आधी हातानं फिरवला, मग पाना लावला, मग पान्यावर तळहात मारून वर बघत मला म्हणाला होता, "झालं, आता हा हत्तीलासुद्धा सुटायचा नाही." आणि मी म्हणाले, "नाही पाहिलं."

तुम्ही माझ्या शब्दावर त्याला काढलंत. तडा माझ्या हातून चुकून गेला. हे चुकून नव्हतं.

हे ऐकल्यावर तो उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. बाहेर मैदान होतं, मुलं कवायत करत होती. तिथूनच त्यानं विचारलं, "तेव्हा तुझं वय काय होतं?"

"वीस."

"आणि तुझ्या मामाचं?"

"पंचेचाळीस."

"हं." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझ्यावरचा राग आत्ताच सुरू झालाय, तो किती दिवस राहील सांगता येत नाही. पण मला एक कागद हवा. प्लग मी आवळला होता एवढं त्यावर असावं. तुम्हा दोघांच्या सह्या. तोंडी नको. तोंडी तर तेव्हाही झालं होतं."

"कुणाला दाखवायचाय, दादा?"

"कुणाला नाही. कपाटात ठेवीन. दार लावल्यावर आठवेल."

निघताना वहिनींनी केसिंग उचलू दिलं नाही. "हे इथेच राहू दे," म्हणाल्या. मी ठेवून आले.

गाडीचं सांगते. नवं केसिंग बसवलं, सगळी सीलं आणि गॅस्केटं नवी घातली. काल डॉक्टरीणबाई स्वतः शेजारी बसल्या आणि तासभर फिरवून आणली. पावडर कोरडी ठणठणीत. तीन तास उभी होती, खाली कागद अंथरला होता, थेंब नाही. त्यांनी तो कागद वाकून बघितला, उलटा करूनही बघितला. मग किल्ली घेतली आणि मान हलवली. बोलल्या नाहीत.

सोबत जिराफचा कागद आहे. मी साध्या शब्दांत लिहिला आहे. माझ्या हातून केसिंग पडलं, मी तडा लपवला, प्लग आवळताना पाहिलं असून नाही म्हणाले, आणि तो दोषी नव्हता हे तुम्हाला चौथ्या दिवसापर्यंत कळलं होतं. खाली माझी सही आहे. तिच्या शेजारी जागा सोडली आहे. एक शब्द बदलायचा असेल तर बदला, पण खोडून नको, वर लिहा, म्हणजे आधी काय होतं तेही दिसेल.

पोस्टानं परत पाठवू नका. पोस्टावर माझा भरवसा आहे. तुमच्यावर आहे की नाही ते कळायला मला समोर बसावं लागेल. रविवारी सकाळी दहाला येते. त्याआधी माझी ही चारही पत्रं मामीला स्वतः वाचून दाखवा. ती विचारेल ते सगळं सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन, आणि मला ते नीट जमणार नाही, कारण तुमची बाजू मला अजून माहीतच नाही. ती ऐकायला मी येते आहे. चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही चपला घातल्या होत्या का, दोन गल्ल्यांपैकी एक तरी ओलांडली होती का, हे मला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. ओलांडली असेल तर माझं बरंचसं ओझं हलकं होईल.

सही झाली नाही तरी मी कागद घेऊन जाईन. एका सहीचा. शेजारची कोरी जागा बघून काय समजायचं ते तो समजेल.

मामीला नमस्कार. तुम्हाला नमस्कार रविवारी, कागद बघितल्यावर.

तुमच्याच हाताखाली शिकलेली,
भाची